पुंजाने देवाला नवं दिलं नाही

त्या वर्षी पुंजाने देवाशी अबोला धरला. माणूस भावाशी अबोला धरतो, व्याह्याशी धरतो, बांधावरून शेजाऱ्याशी तर पिढ्यानपिढ्या धरतो. पण पुंजाची उडी मोठी. त्याने थेट घरच्या देवासमोर उभं राहून सांगून टाकलं, की माझा गौतम घरी येत नाही तोवर तुझं-माझं बोलणं बंद, आणि यंदा तुला नवंही नाही.

नवं म्हणजे नव्या पिकाचा पहिला घास. सूर्यमाळच्या त्या पाड्यावर हळवं भात दसऱ्याच्या आधी कापायला येतं. ते कांडून पहिली मूठ घरच्या देवाला द्यायची, मग घरातल्यांनी खायचं. देवाने खाल्ल्याशिवाय नव्या तांदळाचं एक शीत कोणी तोंडात टाकत नाही, भुकेलं पोरसुद्धा नाही. पुंजाच्या घरचा देव म्हणजे मुठीएवढा दगड. शेंदराची इतकी पुटं चढलेली की आतला दगड कसा आहे हे पुंजाच्या आज्यानेही पाहिलेलं नसेल. झाकणाच्या बांबूच्या टोपलीत तो तांदळावर बसलेला असतो. वर्षातून एकदा, दसऱ्याला, नव्या भाताचा घास त्याच्यापुढे ठेवायचा आणि त्याच्याखालचा जुना तांदूळ काढून नवा घालायचा. बाकी वर्षभर त्याचं काही मागणं नसतं. तेवढंही पुंजाने बंद केलं.

आता यात एक गोम होती. देवाला नवं नाही, म्हणजे घरालाही नवं नाही. ज्या देवाला आपण कवडीची किंमत देत नाही असं चारचौघांत सांगत फिरतो, त्याच्या आधी जेवायला खरं तर कोणाची भीती? पण तेवढी पुंजाची छाती नव्हती. कणगी नव्या भाताने गळ्यापर्यंत भरलेली, आणि नवराबायको रेशनच्या तांदळातले खडे वेचत बसलेली. देवाला उपाशी ठेवायला निघालेला हा शूर माणूस स्वतः तो वास मारणारा भात गिळायचा आणि वर टोपलीकडे बघून हसायचा, की बघ, कशी जिरवली.

"जिरली कुनाची?" त्याची बायको सुकी म्हणायची. "त्याचा पोट दगडाचा हाय. तुझा नाय."

 उत्तर नसलं की पुंजा कुंपण दुरुस्त करायला जायचा. त्या वर्षी पाड्यावर त्याच्याइतकं मजबूत कुंपण कोणाचं नव्हतं.

गौतम हा त्यांचा शेवटचा. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी होत्या. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकला, आणि शिकलेल्या पोराने जे करायचं तेच त्यानेही केलं, म्हणजे न शिकलेल्यांबरोबर कामाला गेला. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. कोणी वीटभट्टीवर, कोणी रेतीवर. त्याला इकडे 'जगायला जाणं' म्हणतात. जणू घरी होती तेव्हा ती माणसं दुसरंच काही करत होती. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर गौतम एका मुकादमाबरोबर गुजरातकडच्या बंदरावर खलाशी म्हणून गेला. होळीच्या सुमाराला त्यांची बोट समुद्रातली रेघ ओलांडून पलीकडे गेली आणि पलीकडच्या देशाने सगळ्यांना धरून तुरुंगात टाकलं. पाण्यावर रेघ कोण मारतं आणि ती पुसली कशी जात नाही, हे सुकीला अजून कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

तेव्हापासून एक पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'मी बरा आहे. काळजी करू नये. भाताच्या आवणीला माणूस लावावा, बाने एकट्याने करू नये.' एवढंच. सुकीने ते पत्र दुसऱ्यांकडून इतक्यांदा वाचून घेतलं की एक अक्षर वाचता न येता तिला ते पाठ झालं.

मग सुरू झाली देवांची वरात. गावदेवाला कोंबडा, वाघोबाला नारळ, मोखाड्याच्या बोहाड्यात देवीपुढे मुखवटा घालून नाचायचा नवस. पुंजाचे गुडघे सरळ चालतानाही कुरकुरतात, तरी नाचेन म्हणाला. दर सोमवारी उपास. ऐकणारे देव वाढत गेले, पण पोरगा काही आला नाही. पहिली सुटकेची यादी आली तेव्हा त्या बोटीवरचे दोघे सुटले, पण गौतम नाही. सुटलेल्यांतला एक वावर गावचा पोश्या. तो बिचारा जव्हारहून गाड्या बदलत पुंजाला भेटायला सूर्यमाळला आला. पुंजाने त्याला लांबून येताना पाहिलं, कोयता उचलला आणि रानात निघून गेला.

"त्याचा देव त्याचा ऐकतो," जाता जाता सुकीला म्हणाला. "मंग त्याच्याशीच बोलू दे त्याला."

पोश्या दुपार कलेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. सुकीने कोरा चहा दिला. पोरगा बरा आहे, तब्येत धरून आहे, एवढं तिला सांगून तो उठला. दुसऱ्याचा पोरगा सुटला म्हणून पुंजाला राग देवाचा आला होता की पोश्याचा, हे त्याचं त्याला तरी कळलं होतं का कोण जाणे.

भाद्रपदात दुसरी यादी आली. पाड्यावर फोन लागत नाही, टेकाडावर चढावं लागतं. पुंजा चढला. मुकादमाने फोनवर तीन नावं वाचली. पुंजाने "पुढं?" असं विचारलं. पुढे काही नव्हतं. टेकाडावरून तो खाली आला तो सरळ घरात शिरला, टोपलीसमोर उभा राहिला, आणि मघाशी सांगितलेला तो अबोला धरला.

झालं. पाड्यावर समजूत घालणाऱ्यांचं पीक आलं. पाऊस कमी-जास्त झाला तरी हे पीक कधी बुडत नाही. शाळेचे रूपेश गुरुजी मोटारसायकल थांबवून म्हणाले, "पुंजाभाऊ, देव परीक्षा घेत असतो."

"तुमी पन घेता, गुरुजी," पुंजा म्हणाला. "पन तुमी निकाल लावता. हा दोन वर्स झाली पेपरच गोळा करतंय."

गुरुजींनी मोटारसायकल सुरू केली. मग चुलत वहिनी जिजा आली. तिने मागच्या वर्षी गळ्यात माळ घातली होती, तेव्हापासून तिला सगळ्यांचे मागचे जन्म दिसायला लागले होते. म्हणाली, "मागल्या जन्माचा कायतरी असंल रं पुंजा."

"मंग मागल्या जन्माच्या बापाला धर म्हनावं. मना कशाला धरतंय?"

पाड्यावर हसले सगळे. पुंजाला हे आवडायला लागलं होतं, हे सांगायला हवं. देवाची टर उडवली की लोक हसतात, आणि लोक हसत असले की पोरगा कुठे आहे हे थोडा वेळ आठवत नाही. दारू पिणाऱ्याला जे मिळतं ते पुंजाला फुकटात मिळत होतं.

शेवटी सुकीच्या हट्टाने तो भिका भगताकडे गेला. भिकाने कौल बघायला सुपात तांदळाचे दाणे टाकले, जोड्या लावल्या, परत टाकले, परत लावल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाला, "हे बघ. गावदेवाची सत्ता शिवंपर्यंत. घरच्या देवाची उंबऱ्यापर्यंत. पोरगा दर्यात धरला. आपल्या देवांना दर्या म्हायतीच नाय, तर ते करतील काय?"

पुंजा बघतच राहिला. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी पहिल्या दिवशी त्याला हेच ऐकवलं होतं, की समुद्र आमच्या हद्दीत येत नाही. तालुक्याच्या कचेरीतही तेच. म्हणजे दोन वर्षं कोंबडी कापली, उपास केले, आणि अर्ज गेला चुकीच्या टेबलावर! "एवढा आधी सांगता येत नव्हता?" तो ओरडला. "माझा कोंबडा खाल्लास तवा हद्द नाय आठवली?"

भिकाने कोंबड्याचा विषय टाळला.

त्या संतापातच पुंजाच्या डोक्यात एक शक्कल आली. देव उंबऱ्याच्या बाहेर काही करू शकत नाही ना? ठीक आहे. मग देवालाच उंबऱ्याच्या बाहेर काढायचा. पाड्यावरचा प्रत्येक धडधाकट माणूस दिवाळीनंतर जगायला जातो, मग हाच एक कशाला टोपलीत बसून राहतो? तो वावरचा पोश्या पुन्हा बोटीवर जाणार असं कानावर आलं होतं. त्याच्या हातात टोपली द्यायची. जाऊ दे समुद्रावर. बघू दे ती रेघ. पोरगा मिळाला तर घेऊन यावं, नाही मिळाला तर तिकडेच राहावं.

सुकीने ऐकून घेतलं. तिने कपाळ बडवलं नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "देव घरातनं हलवायचा त नव्या तांदळावर बसवून हलवतात. तुझ्या बानं जुन्या घरातनं ह्या घरात आनला तवा तसाच आनला. जुन्या तांदळावर मी उचलू देनार नाय."

हे खरं होतं, आणि पुंजाला ठाऊक होतं. त्याने कणगीचं झाकण काढलं, भात काढून दिलं. सुकीने ते कांडलं. टोपलीतला जुना तांदूळ काढून पुंजाने आपल्या हाताने नवा घातला, वर देव बसवला, आणि सुकीकडे बघून, पण टोपलीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दिला असा कोनी समजू नको. बसायला घातलाय. खायला नाय."

"नाय समजत," सुकी म्हणाली.

दिवाळीला दोन दिवस होते. पुंजा सकाळच्या जीपने खोडाळ्याला उतरला आणि तिथून मोखाड्यावरून जव्हारला जाणाऱ्या एसटीत बसला. टोपली मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "कोंबडी आहे का आत?"

"देव हाय."

"मग राहू दे," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला. शेजारी बसलेल्या म्हातारीने मात्र डोक्यावर पदर घेतला, पिशवीतून झेंडूचं एक फूल काढून झाकणावर ठेवलं आणि डोळे मिटले. पुंजा तिला म्हणाला, "नको हात जोडू, बाय. त्याला ऐकू येत नाय."

म्हातारीने डोळे न उघडताच सांगितलं, "तू गप बस. मी तुला नाय सांगत हाय."

जव्हारच्या स्टँडवर दिवाळीची गर्दी होती. पुंजाने वडापाव खाल्ला नाही, त्याच्याकडे सुकीने बांधून दिलेली नाचणीची भाकर होती, तीही मागच्या सालच्या नाचणीची. वावरच्या जीपमध्ये मागे लटकत, टोपली छातीशी धरून तो गेला. रस्ता असा, की देव नसता तर पुंजाने एका हाताने दांडी तरी नीट धरली असती. देव सोडून द्यायला निघालेला माणूस प्रत्येक खड्ड्याला टोपलीवर वाकत होता. हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि जीपमधल्या कोणाला सांगायची गरज वाटली नाही.

पोश्या घरीच होता. घोंगडी, दोन शर्ट, जेवणाची थाळी असं सामान बांधून कोपऱ्यात ठेवलेलं. त्याची बायको लाडकी अंगण सारवत होती. पुंजाला दारात पाहून पोश्या गडबडून उठला. "काका! या. बसा."

पुंजा बसला नाही. "परत चाललास त्याच दर्यात?"

"मंग काय खाऊ, काका?"

इथे पुंजाला दुरुस्त करायला कुंपण नव्हतं. तो बसला. टोपली पुढे सरकवली. "हा घेऊन जा. घरचा देव हाय. त्याला दर्या म्हायती नाय असा भगत बोलला. तर दाखव त्याला. माझ्या घरात बसून त्याचा काय उपेग नाय."

पोश्या टोपलीकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ह्योच का तो? गौतम लय बोलायचा ह्याचा."

"काय बोलायचा?"

"तवा तेच सांगायला आलतो तुमच्याकडं, काका. तसा निरोप काय नव्हता. पन मना वाटलं, तुमाला आवडंल ऐकायला." पोश्याने मांडी घातली. "मागल्या वर्साची गोस्ट. तिकडं आमाला सकाळी रोटी नी संध्याकाळी डाळभात. गनपती झाले तसा ह्यानं भात सोडला. आपला भात माझ्या थाळीत टाकायचा नी नुसती डाळ प्यायचा. मी म्हनलो, आजारी हायस काय? तर म्हने, नाय, घरी देवानं अजून नवं खाल्ला नसंल."

पुंजाचा हात टोपलीच्या झाकणावर गेला.

"आमी सगळे हसलो. म्हनलो, येड्या, हा भात कुठला, आपला शेत कुठं! इथं कोन बघतंय? तो बोलला, मना कुठला नवा नी कुठला जुना कसा कळनार? म्हनून सोडलाय. रोज भिंतीवर रेघ मारून दिवस मोजायचा. दसरा झाला नी दुसऱ्या दिशी थाळी घेऊन बसला, पोटभर भात खाल्ला. मी चिडवला त्याला, की काय रे, घरून फोन आला काय देवानं खाल्ल्याचा? तर म्हने, फोन कशाला? माझा बा हाय तिथं. माझा बा चुकायचा नाय."

लाडकी सारवता सारवता थांबली होती. पोश्या आपल्याच नादात पुढे म्हणाला, "यंदा पन तसाच केला असंल त्यानं. दसरा होऊन गेला, म्हंजे आता खात असंल भात. तुमी दिलाच असंल ना नवं."

दसरा होऊन अठरा दिवस झाले होते. अठरा दिवस पुंजा पाड्यावर सांगत फिरत होता की देव बहिरा आहे, देव आळशी आहे, देवाला हद्द आहे. लोक हसत होते. आणि तिकडे, जिथे देव नाही, सूप नाही, भगत नाही, तिथे एक पोरगा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी थाळी पुढे ओढून निवांत जेवत होता, कारण घरी आपला बाप आहे. त्या पोराने देवाकडे काय मागितलं होतं कोण जाणे. मिळालं तर काहीच नव्हतं. पण देवाचं खाणंपिणं बाप बघतोय, याबद्दल त्याला एका घासापुरतीही शंका आली नव्हती. भाद्रपदापासून ज्या देवाच्या नावाने पुंजा बोटं मोडत होता, त्याने एकदाही त्याला इतकं खोटं पाडलं नव्हतं. पुंजाला पोश्याच्या दारात बसल्या जागी लाज वाटली, अशी की मान वर होईना.

"काका?" पोश्या म्हणाला. "पानी देऊ?"

पुंजाने टोपली आपल्याकडे ओढली. झाकण नीट बसवलं. झेंडूचं फूल वाटेत कुठेतरी पडून गेलं होतं.

"देव देताव ना मना?" पोश्याने विचारलं. "मी नेतू. काय वझा नाय त्याचा."

"नको," पुंजा उठला. "तू जपून जा. त्या रेघंच्या अलीकडं ऱ्हा. गौतम भेटला—" आणि थांबला. कुठे भेटणार? पोश्यालाही ते कळलं, पण त्याने मान हलवली. लाडकीने मुठीएवढ्या दोन काकड्या पुंजाच्या पिशवीत टाकल्या. त्याने आभार मानले नाहीत. जीप सुटत होती.

परतीच्या एसटीत पुंजाला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याच्याकडे एकही विनोद उरला नव्हता. खोडाळ्याला शेवटची जीप गेली होती. तो टोपली घेऊन चढण पायी चढला. गुडघे कुरकुरत होते, त्यांना कुरकुरू दिलं.

दिवेलागणीला तो दारात आला तेव्हा सुकी चुलीपुढे बसली होती. तिने टोपली पाहिली. "दिला नाय?"

"नाय." त्याने टोपली जागेवर ठेवली, उंबऱ्याच्या आत, कोपऱ्यात. "भात टाक."

"रेसनचा?"

"नवा."

 खरं तर सुकीने सकाळीच जास्तीचं भात कांडून ठेवलं होतं, पण ते तिने सांगितलं नाही. भात शिजला. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. पुंजाने पळसाचं पान पुसून घेतलं, त्यावर भाताची मूद ठेवली, वर लाडकीच्या काकडीची एक फोड, आणि पान टोपलीपुढे सरकवलं. झाकण काढलं. मग हात न जोडता तसाच उकिडवा बसून राहिला.

सुकी पाठीमागे उभी होती. तिला वाटलं, आता हा पोराला मागेल. दोन वर्षं जे मागत होता तेच, मोठ्याने, भांडून. किंवा पुन्हा एखादं खोचक काहीतरी ऐकवेल.

पुंजा खाली वाकला. भाद्रपदापासून पहिल्यांदा तो देवाशी बोलला, आणि इतक्या हळू बोलला की सुकीला कान द्यावा लागला.

"अठरा दिवस उशीर झाला," तो म्हणाला. "पोराला सांगू नको."